चौदा गये

टेपमावशी गाणाऱ्याचं तोंड मापायची. अगदी खरोखर मापायची. गळ्यात अडकवलेली शिंप्याची टेप ओढायची, एक टोक माईकच्या जाळीला लावायची, दुसरं समोर बसलेल्या बाईच्या ओठांना, आणि म्हणायची, "सात इंच. आता हालू नोको." मग दोरीनं बांधलेल्या वहीत तो आकडा लिहायची. ब्लाऊजची मापंही त्याच वहीत असत. त्यामुळे तिच्या गायिकांच्या नावापुढे असं वाचायला मिळे: गुंफाबाई, छाती चौतीस, बाही नऊ, माईक सात. बाप्यांच्या नावापुढे नुसताच माईक. एकदा एका भजनी बुवांनी गंमतीत विचारलं, "मावशी, माहं शर्टाचं माप नाई घेत काय?" तर ती म्हणाली, "तुमचा आवाजच ढगळा हाये बुवा, पयले तो आवरा."

पुलगावला लागून नाचणगाव आहे. तिथे तिचं शिवणकामाचं दुकान होतं. पुढच्या खोलीत मशीन आणि मागच्या खोलीत 'बोंब'. हे तिच्या गाण्याच्या कंपनीचं नाव. कंपनी म्हणजे काय, तर ती स्वतः, एक माईक, कॅसेटच्या दिवसांत दोन खणांचा टेपरेकॉर्डर आणि आता आता एक जुना कॉम्प्युटर. भिंतींना तिनं गोधड्या ठोकल्या होत्या, म्हणजे आवाज घुमू नये. काज-बटण करायला येणाऱ्या बाया हात चालवता चालवता गायच्या, तेव्हा तिनं पहिल्यांदा टेप लावला. ते पाहून दीर वैतागला, म्हणाला, "काय बोंब लावली वो वहिनी घरात?" मावशीनं त्याच दिवशी कॅसेटच्या पुठ्ठ्यावर शिवणाच्या खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं, 'बोंब'. दीर मरेपर्यंत तिला सांगत राहिला की नाव बदल, चांगलं देवाधर्माचं ठेव. तिनं बदललं नाही. "तूच तं बारसं केलं भाऊ," म्हणायची.

तिचा एक नियम होता, आणि तो मोडायची कोणाची छाती नव्हती. गाण्याआधी गाणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं स्वतःचं नाव आणि गाव सांगायचं. "नाव नाई तं गानं नाई." मग ती लाजाळू सून असो की साठ वर्षं गाणारा शाहीर. काही बायांना आयुष्यात कोणी नावच विचारलं नव्हतं, त्यांच्या तोंडून ते निघता निघत नसे. एकीनं नवऱ्याचं नाव सांगितलं, तर मावशीनं टेप थांबवला. "तो गाऊन राह्यला काय? नाई ना? मंग तुहं सांग." त्या बाईनं पदर तोंडाला लावला, हसली, रडली, आणि मग सांगितलं. ते हसणं-रडणं मावशीनं कापलं नाही, कॅसेटवर तसंच ठेवलं.

या नियमामागे जुना राग होता. फार पूर्वी शहरातून कोणी अभ्यासक आले होते. चहा प्यायले, गुंफाबाईची चार गाणी टेप करून घेऊन गेले. गुंफाबाई म्हणजे नाचणगावचीच, वांगी-संभार, म्हणजे वांगी-कोथिंबीर, घेऊन पुलगावच्या बाजारात बसणारी. गाणी ती स्वतः जोडायची, चालता चालता, डोक्यावर टोपली असताना. पुढे एकदा कोणाच्या तरी टीव्हीवर एका झगमगीत कार्यक्रमात तिचं गाणं वाजलं. गाणारी दुसरी, भरजरी साडीतली. खाली अक्षरं होती: पारंपरिक. मावशीला वाचता येत होतं, गुंफाबाईला नाही. गुंफाबाईनं विचारलं, "काय लिवलं हाये?" मावशीनं वाचून दाखवलं. गुंफाबाई अगदी साधेपणानं म्हणाली, "हे पारंपरिक कोन वो? कोनत्या गावची? माहं गानं तिले कोनं देल्लं?"

हा प्रश्न मावशीच्या डोक्यातून कधी गेला नाही. आणि खरं सांगते, माझ्याही जात नाही. आजही कोणी 'पारंपरिक' म्हणून गाणं लावलं की माझं टाळकं सरकतं. मी विचारतेच, कोणत्या गावची?

माझी आणि तिची ओळख ब्लाऊजमुळे. मी मूळची इकडच्याच आष्टीची, शिकले पुण्यात, आणि नोकरी लागली पुलगावच्या एका शाळेत, मराठी शिकवायची. पुण्यात पहिल्या वर्षी मी वर्गात 'मले' म्हणाले होते, तेव्हा सगळा वर्ग खो खो हसला होता. त्यानंतर मी माझी जीभ अशी घासली, अशी घासली, की आईशी फोनवर बोलतानाही 'मला' यायला लागलं. मावशीनं माप घेता घेता हे ओळखलं. "कोनत्या गावची?" "आष्टीची." "आष्टीची अन् अशी बोलते? अवं बाप्पा, टायफाईड झालता काय तुले?" मी रागावले. पण पुढच्या आठवड्यात परत गेले, ब्लाऊज घट्ट झाल्याचं निमित्त करून. तेव्हापासून मी तिची 'मास्तरीनबाई'. कॅसेटच्या, मग सीडीच्या, मग मोबाईलच्या कार्डाच्या पाकिटावर जे काही लिहायचं ते मी लिहायचं, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं. माझ्याकडून होकार तिनं कधी मागितलाच नाही.

मे महिन्यात नाचणगावात काय ऊन असतं ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. आणि मावशीच्या खोलीत रेकॉर्डिंग म्हणजे पंखा बंद, कूलर बंद, दार बंद. माईकमध्ये घरघर येते म्हणून. चार भिंतींना गोधड्या, आत पाच माणसं, आणि घाम असा की ढोलकीवाल्याची बोटं चामड्यावरून घसरायची. मी म्हणायचे, "मावशी, लोकं मरतील इथे." ती ओला दुपट्टा माझ्या डोक्यावर टाकायची. "मरत नाई कोनी गानं गाऊन. गानं पोटात राह्यलं तं मरते." जवळून रेल्वे जायची, तिचा भोंगा गाण्यात यायचा. तो मात्र तिला चालायचा. पंखा तिला नको असायचा, पण गाडी हवी. मी कारण विचारलं. म्हणाली, "पंखा कोनच्याबी गावात फिरते. हे गाडी आपल्या गावातून जाते." खोकलाही ती कापू द्यायची नाही. "खोकला बी तिचाच हाये ना?"

मग एका वर्षात तिचे दोन गाणारे गेले. एक भीमगीतं गाणारा, भरघोस आवाजाचा, आणि दुसरी जात्यावरची म्हणणारी म्हातारी. त्यांच्या कॅसेटी बुरशीनं खाल्लेल्या, टेप चिकटलेली. दोन्ही मयतीला मावशी माझ्यासोबत होती. दुसऱ्यांदा घरी आल्यावर तिनं वही उघडली आणि बोट ठेवत ठेवत नावं वाचली. "चौदा जन राह्यले," म्हणाली. "त्याइचं एकेक गानं घेऊन एकच करू. बोंबचं सगळ्याइचं मिळून. हे लोकं हायेत तोवर निंघालं पायजे. त्याइच्या नावानं, त्याइच्या बोलीत. नाई तं मंग सारेच पारंपरिक होतीन."

संग्रहाचं नाव तिनंच ठेवलं, 'चौदा गये'. आमच्याकडे गळ्याला 'गया' म्हणतात, मोळीला 'मोयी', डोळ्याला 'डोया'. मी पाकिटावर 'चौदा गळे' लिहिलं होतं. तिनं खोडलं.

चौदांपैकी तेरांची गाणी झाली. गुंफाबाईचं शेवटी ठेवलं होतं, कारण ते सगळ्यांत भारी. तिच्या तरुणपणचं गाणं, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांच्या मोळ्या घरोघर टाकायची तेव्हाचं. दोन ओळींतच सगळं होतं:

माह्या मोयीनं पेटले साऱ्या गावाचे चुले,
ऊन ऊन घास नाई भेटला मले.

आणि त्याच सुमारास मुंबईहून फोन आला. तिथल्या एका संगीत कंपनीला कोणाकडून तरी आमचा सुगावा लागला होता. साहेब भला माणूस होता, हे आधीच सांगते. माझा अनुभव असा की भल्या माणसांनीच जास्त घोळ घातलाय. तो म्हणाला, हे गाणं जगभर जाईल, आम्ही आमच्या ॲपवर पहिल्या पानावर लावू. फक्त दोन-तीन गोष्टी. सुरुवातीचं नाव-गाव काढा, ऐकणारा कंटाळतो. शब्द जरा सगळ्यांना समजतील असे करून घ्या. आणि हे 'चौदा गये' म्हणजे काय, चौदा जण कुठे गेले?

मावशीनं फोनकडे तोंड नेऊन उत्तर दिलं, "कुठी जातीन? इथीच हायेत."

पण फोन ठेवल्यावर ती हो-नाही करत राहिली. तिला तसं मी प्रथमच पाहिलं. नाव-गाव काढायचं नाही, यावर ती ठाम होती, त्यावर साहेबाशी भांडू म्हणाली. पण शब्दांचं काय? गुंफाबाईला दम लागायला लागला होता. एक ओळ म्हटली की पाणी मागायची. तिचा आवाज एवढ्या दूर जाण्याची दुसरी संधी येणार नव्हती. "तू मास्तरीन हायेस," मावशी मला म्हणाली. "पाय तुले जमते काय. अर्थ नाई बदलला पायजे."

आता माझी फजिती सांगते. सांगायलाच हवी. मी कागद घेतला, आणि मोठ्या उत्साहानं बसले. 'मले'चं 'मला' केलं. पण मग वर 'चुले' आणि खाली 'मला', यमक जुळेना. मी कोण? मराठीची शिक्षिका! मी 'चुले'चं 'चुला' केलं. माझ्या मोळीने पेटला साऱ्या गावाचा चुला, ऊन ऊन घास नाही मिळाला मला. बसलं की नाही चपखल? माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

गुंफाबाईला मी ते पाठ करून दिलं. "मास्तरीनबाईनं सांगतलं तं बरोबरच असन," एवढंच म्हणाली. जिनं ते गाणं डोक्यावर मोळी घेऊन, अनवाणी, स्वतः जोडलं, ती माझ्यासमोर हात जोडल्यासारखी बसून माझे शब्द घोकत होती. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही, कारण मी यमकावर खूश होते.

मावशीनं टेप ओढली. सात इंच. पंखा बंद केला, दार लावलं, कॉम्प्युटरवर लाल ठिपका लागला. गुंफाबाईनं नाव-गाव सांगितलं, आणि गायला लागली. 'साऱ्या गावाचा चुला'पर्यंत आली आणि अडखळली. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तिथेच थांबली. तिसऱ्यांदा तिनं डोळे मिटून ओळ कशीबशी पुरी केली, आणि मावशी एकदम कडाडली.

"थांब! थांब वो गुंफा! काय म्हनून राह्यली तू? साऱ्या गावाचा एकच चुला?"

मी म्हटलं, "मावशी, यमकासाठी—"

"यमक गेलं खड्ड्यात! अवं मास्तरीनबाई, साऱ्या गावाचा एकच चुला कवा होता? कोनाच्या पंगतीले बसली होती हे? पाटलाचा चुला येगळा, माळ्याचा येगळा, आमचा तं गावाच्या भायेर. साऱ्या गावाचा एकच चुला असता, तं मंग हे गानं कायले लागलं असतं?"

गुंफाबाईनं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "तेच तं माह्या घशात अडकून राह्यलं होतं, बाई. मले वाटलं मीच भुलली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नुसता एका मात्रेचा काना केला, आणि त्या बाईचं उभं आयुष्य खोटं पाडलं. तेही शुद्ध मराठीत. पुण्यातला तो वर्ग मला हसला त्याचं दुःख मी इतकी वर्षं उराशी धरलं होतं, आणि तोच वर्ग होऊन मी गुंफाबाईसमोर बसले होते. मी तिचे हात धरले आणि रडले, तीही रडली. मावशीनं दोघींना रडू दिलं, मग म्हणाली, "झालं? आता माईकमंदी नाकं वोढू नोका. गुंफा, तुह्यावालं म्हन." आणि गुंफाबाईनं तिचंवालं म्हटलं. एका दमात. 'मले' असं खणखणीत म्हटलं की भिंतीवरच्या गोधड्याही ते अडवू शकल्या नसतील.

"ते पयलेचं मिटवून टाकजो," मावशी मला म्हणाली. मी हो म्हटलं. पण ती फाईल उघडायची मला हिंमत होईना. लाजेनं मी ती मिटवलीही नाही, तशीच पडून राहिली.

मुंबईला तिनं स्वतः फोन लावला. साहेब समजावत होता, ताई, लोकांना कळणार नाही. मावशी म्हणाली, "आमाले तुमचं सारं कयते, साहेब. तुमचे शिनेमे कयते, बातम्या कयते. आमचंच तुमाले काऊन नाई कयत? कान कोनाचा खराब हाये मंग?" तो म्हणाला, तुमचंच नुकसान आहे. ती म्हणाली, "असन. पन आमचं हाये ना? नुकसानावर तरी आमचं नाव राहीन." आणि फोन ठेवून तिनं शांतपणे मशीनवर बसून कोणाची तरी बाही जोडली. मी तिच्याकडे पाहत राहिले. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतक्या रुबाबात कोणाला नकार देताना पाहिलेलं नाही.

'चौदा गये' आम्हीच काढलं. नेटवर टाकलं, कार्डांत भरलं. बाजाराच्या दिवशी पुलगावात एका ऑटोवर भोंगा बांधला, आणि मावशी ड्रायव्हरशेजारी बसली, गळ्यात टेप. चौदा नावं, चौदा गावं, भर बाजारात. भाजी घेणारे थांबले. कोणीतरी कपाळाला आठ्या घालून ओरडलं, "काय बोंब लावली सकाऊन सकाऊन?" मावशीनं ऑटोतून डोकं बाहेर काढलं. "हो, बोंबच हाये! नाव बराबर वयखलं भाऊ!" अख्खा बाजार हसला. गुंफाबाई आपल्या जुन्या जागेवर, वांग्यांच्या ढिगामागे, सुनेच्या शेजारी येऊन बसली होती. तिचं नाव वाजलं तेव्हा तिनं डोक्यावरचा पदर नीट केला.

पुढच्या उन्हाळ्यात मावशी गेली. फार दिवस पडून राहिली नाही, तेवढी तरी मेहेरबानी. दवाखान्यात नर्सनं रक्तदाब मापायला दंडाला पट्टा बांधला, तर विचारत होती, "किती आली बाही?" शेवटी भेटले तेव्हा म्हणाली, "माईक झाकून ठेवजो, धूय बसते." मी म्हटलं, "ठेवते." आमच्याकडे बायाही 'ठेवतो' म्हणतात. तिनं माझ्याकडे रोखून बघितलं आणि म्हणाली, "ठेवतो म्हन, नाई तं ठेवते म्हन, पन ठेवजो."

पुण्यानुमोदनाच्या दिवशी लोक म्हणाले, मावशीचा आवाज लावा. इतकी वर्षं बोंब चालवली, एवढे गळे टेप केले, पण तिचा स्वतःचा आवाज कुठेच नव्हता. कोणी म्हटलं तर म्हणायची, "माहा आवाज फाटका हाये. मी मापनारी, गानारी नाई." सगळ्यांची नावं जपली, आणि स्वतः तेवढी बिननावाची गेली. मला तिचा भयंकर राग आला. आणि त्याच रागात आठवलं, ती फाईल.

मी आणि गुंफाबाई मागच्या खोलीत गेलो. कॉम्प्युटर लावला. माझं ते दळभद्री यमक वाजलं, गुंफाबाई अडखळली, आणि मग खोलीभर मावशी. थांब! थांब वो गुंफा! तेच कडाडणं, तोच फाटका आवाज, मागून जाणाऱ्या गाडीचा भोंगासुद्धा. गुंफाबाई भिंतीच्या गोधडीला हात लावून ऐकत राहिली. संपल्यावर म्हणाली, "हे बी घाल त्याच्यात."

"त्यात माझी चूक आहे, गुंफाबाई. सगळं जग ऐकेल."

"आइकू दे. माह्या गान्यात माहा खोकला हाये, तं तुही चूक काऊन नाई?"

मी मान डोलावली. पण नियम होता. नाव नाई तं गानं नाई. मावशीनं त्या दिवशी नाव सांगितलं नव्हतं, सांगणार कशी? मग कोणीतरी सांगायला हवं होतं. मी माईकवरचा कपडा काढला. पंखा बंद केला, दार लावलं. गुंफाबाईनं खुंटीवरची टेप घेतली, एक टोक जाळीला लावलं, दुसरं माझ्या ओठांना. तिला आकडे वाचता येत नव्हते. तिनं मावशीसारखंच डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, "सात इंच. आता हालू नोको."

लाल ठिपका लागला. इतक्या वर्षांनी जीभ जड झाली होती, पण वळली.

"हे आमची टेपमावशी. नाव शेवंताबाई, गाव नाचनगाव. अन् जिची चूक हाये ते मी, आष्टीची मास्तरीन. मावशीनं मले मिटवाले सांगतलं होतं, मी नाई मिटवलं. हा पंधरावा गया. आइका."